इतिवृत्त, कोत्का जाझ मंडळ

नोव्हेंबरची सभा. ग्रंथालयाचं तळघर.
हजर : अकरा.
त्यातला एक नळदुरुस्तीला आलेला,
कॉफीच्या वासानं थांबलेला.

वर्गणी वाढवायचा ठराव याही वेळी बारगळला.
आउलिसनं तबकडी पुसली,
बाळाचं तोंड पुसावं तशी,
आणि सुई टेकवण्याआधी तो बराच वेळ बोलला.
म्हणजे चार वाक्यं.

मग मैफल. लाहतीहून तिघं यायचे होते,
दोघं आले.
ड्रमवाला वाटेत, गाडीसकट बर्फात.
पियानो आणि बास एकमेकांकडे बघत राहिले,
रुसलेल्या व्याह्यांसारखे.

तेव्हा इर्या उठली.
सतरा वर्षं ती इथे नुसते कप विसळते.
कुठली धून आवडली विचारलं,
तर म्हणते, साखर किती?

तिनं बिस्किटांचा रिकामा डबा उपडा घातला,
भांड्यांचा ब्रश घेतला
आणि खरवडत राहिली, अगदी हळू,
बंदरात बर्फ बोटीला घासतो तसं,
मात्रेच्या केसभर मागे.
मुद्दाम मागे.

तिचा पाव्हो जहाजांवर ड्रम वाजवायचा,
हे आम्हाला ठाऊक होतं.
सराव स्वयंपाकघरात करायचा,
हे नव्हतं.

एरवी आम्ही टाळ्याही मोजूनमापून देतो.
नळवाला आधी उभा राहिला,
हातातला पाना तसाच.

रात्री मी वहीत लिहिलं :
ड्रमवादक गैरहजर.
डबा एक, पत्र्याचा, किंचित पोचलेला,
मंडळाच्या मालमत्तेत जमा.