पाणसळ

मी लोकांच्या भिंतींना भोकं पाडतो.
तासाला बावीस डॉलर. ड्रिल माझं, शिडी माझी,
चुकलं तर लांबी भरायचीही मीच.

विस्कॉन्सिनात नोव्हेंबरला दिवस साडेचारलाच आटोपतो.
तिसऱ्या मजल्यावर, व्हर्ना टॉलेफसनबाईंच्या नव्या फ्लॅटमध्ये
सोफ्यावर तीन चित्रं ओळीनं बसली होती,
अंगावरचं प्लॅस्टिक न काढता,
लवकर उठायचंय अशा पाहुण्यांसारखी.
सुनेनं पाठवलेली, मिनियापोलिसच्या कुठल्याशा दुकानातून.
सोबत चिठ्ठी : नव्या घरी घरासारखं वाटावं म्हणून.
चिठ्ठी चष्म्याच्या डबीखाली होती, अर्धी बाहेर.

एकात लाल गोठा, बर्फात.
एकात गवताच्या गोल गठ्ठ्यांवर संध्याकाळ.
एकात पाच गाई, काळ्यापांढऱ्या,
लग्नाला निघाल्यासारख्या धुतलेल्या.

कुठे लावू? मी विचारलं.
थांब, म्हणाल्या,
आधी बघू दे, माझ्या नावानं काय आलंय.

आणि मग त्या जवळ गेल्या, बाजूनं,
बाजारात जनावराजवळ जातात तशा.
"पाच गाई. शेण कुठंय?"
"हिची कास बघ. एवढी भरल्यावर
ही अशी निवांत उभी राहील?
हंबरून गाव गोळा करेल."
"सावली इकडे पडलीय, म्हणजे गोठ्याचं दार वायव्येला.
ज्यानं बांधला त्याला जानेवारीत आत कोंडायला हवं."

मी हसलो. त्या नाही हसल्या.
बासष्ट गाई होत्या त्यांच्या, सकाळ-संध्याकाळ, एक्केचाळीस वर्षं.
गुडघे गेले तेव्हा विकल्या.
ट्रक भरताना ऑर्व्हिल आत जाऊन रेडिओ ऐकत बसला होता,
आवाज मोठा करून.
त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.
हे सगळं त्यांनी मला प्लॅस्टिक फाडता फाडता सांगितलं,
माझ्याकडे न बघता.
त्यांचा गोठा लाल नव्हताच.
कधीकाळी पांढरा होता, मग नुसता लाकूड.

लाल गोठ्यापाशी त्या थबकल्या.
"खिडकीत दिवा आहे बघ."
होता. मोहरीएवढा, पिवळा.
"आणि बर्फावर पाऊल एकही नाही.
मग दिवा लावला कुणी?"

याचं उत्तर माझ्या पेटीत नव्हतं.
होतं ते एक काळं मार्कर, भिंतीवर खुणा करायचं.
त्यांनी ते मागून घेतलं, टोपण दातांनी काढलं,
आणि काचेवर, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यापासून
दारापर्यंत पावलं काढली,
लहान लहान, डावं जरा फरफटलेलं.

आणि परतीची? मी म्हटलं.
"दूध काढून व्हायचंय अजून."

सोफ्याच्या वर नको म्हणाल्या.
स्वयंपाकघरात, नळाच्या वर :
तिथे खिडकी असायची माझी.
तिथे टाइल होती. टाइलला वेगळं पातं लागतं,
ते खाली गाडीत. गेलो, आणलं,
काच फुटल्यासारखा आवाज करत दोन भोकं पाडली.
गाई न्हाणीघरात लावून घेतल्या,
तिथे पाणी तरी मिळेल त्यांना.
गठ्ठे पलंगाखाली सरकवले.
पावसात नाही भिजायचे, म्हणाल्या,
आणि या वेळी हसल्या.

शेवटी पाणसळ लावून पाहिली.
बुडबुडा मधोमध, अगदी स्थिर.
बाई हात पुसत मागे उभ्या.
"डावीकडे जरा उतार दे," म्हणाल्या.
"आमचं आवार तसंच होतं. बर्फ वितळल्यावर पाणी
ओढ्याकडे जायचं."

अठरा वर्षांत मी जाणूनबुजून वाकडं काही टांगलं नव्हतं.
दोनदा विचारलं. मग बोटानं ढकललं.
अजून, म्हणाल्या.
अजून जरासं.
हं.

बिलात लिहिलं : भोकं तीन.
उताराचे पैसे लावले नाहीत.