भालदार

तीस वर्षं राजा होतो मी.
बाकड्यावर घोंगडी, घोंगडीवर शाल, तिच्यावर मी,
आणि मागे, डाव्या हाताला,
भाला धरून लाडू कांबळी.
त्याला वाक्य नव्हतं. एकसुद्धा.
नाईट माझ्या निम्मी,
आणि पेटारा उचलायचा तो त्यानेच.

पाटच्या जत्रेत, पहाटे तीनला,
राणीला वनात धाडायचा प्रवेश.
पेटीवाला सूर धरून बसलाय, मी शब्द लावतोय,
डोळ्यांत खरं पाणी (ते काय रोज येत नाही)
आणि लोक हसले.
आधी पोरं, मग खाज्याच्या दुकानावरची गिऱ्हाइकं,
मग देवळाच्या पायरीवरचे मानकरीसुद्धा.

लाडू एका पायावर उभा.
दुसऱ्या पायाची पोटरी
भाल्याच्या बुडाने खाजवत होता,
हळू, फार हळू,
राजाला कळू नये म्हणून जपून.
चेहरा मात्र तसाच,
सगळ्या राज्याची काळजी वाहणारा.

रंगपटात मी मुकुट आपटला.
"माझ्याच भाषणात खाज सुटता तुका?"
"मी काय करू, भाऊनू?
पाय माझो, पण डास देवाचो."
राणीने बिडी पेटवली
आणि तोंड फिरवून हसली.

मग मी त्याला मागे सरकवला,
कनातीला चिकटून, उजेडाबाहेर.
तर अंधारातून भाल्याचं टोक तेवढं दिसायचं.
डुलकी लागली की ते झुके,
आणि अख्खी जत्रा श्वास धरून:
पडतो, पडतो…
नाही पडला.
तोवर माझं युद्ध संपून गेलेलं.

एकदा घरी, दार लावून,
आरशासमोर पोटरी खाजवून पाहिली.
राजासारखीच खाजवत होतो.

गुडघे गेले त्याचे. पेटारा उचलवेना.
तारकर्लीला रिसॉर्टच्या फाटकावर लागला.
"बसाक खुर्ची देतत," म्हणाला.

परवा मुद्दाम गेलो, सुरूच्या आड थांबलो.
निळा शर्ट, खांद्यावर पट्टी, हातात काठी.
खुर्ची होती,
तिच्यावर कुणाचे तरी ओले टॉवेल.
गाड्या आल्या. फाटक उघडलं, फाटक लागलं.
काचेमागची एकही मान वळली नाही.

मग लाडूने डावा पाय उचलला.
काठी उलटी धरली.
हळू, फार हळू.

मला हसू आवरेना,
इतकं की सुरूला धरून
खाली वाळूतच बसलो.

"कोण आसा रे थंय?"

भरलेला, खर्जातला,
शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज.
इतकी वर्षं पाठीशी उभा होता तो,
आणि मला ठाऊक नव्हता.

ओ द्यायची पाळी माझी होती.