नळी

हेडली थर्लवेलच्या गॅरेजात
सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे दोन फुटांची रबरी नळी.
आधी ती कुठल्याशा वॉशिंग मशीनची होती.
बाकीचे पाने भिंतीवर, जुन्या इंग्रजी मापांचे,
आता कुठल्याच नव्या नटाला न बसणारे.
नळी मात्र कोटाच्या खिशात,
पाइप ओढणारे पाइप ठेवतात तशी.

जोड-कार्ब्युरेटरची गाडी आली
की एअर फिल्टर उतरवायचे,
नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी,
आधी पुढच्या, मग मागच्या.
दोघं सारखाच श्वास घेतायत का, एवढंच ऐकायचं.
त्यासाठी काट्याची गेजही मिळतात.
हेडली म्हणतो, काटा किती ते सांगतो,
कसा ते नाही सांगत.

फेब्रुवारीत मिसेस ऑर्ड यांची हिरवी एमजीबी आली.
नवरा गेल्यापासून पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली,
अ‍ॅम्बलच्या खाऱ्या धुक्यात.
तीन आठवडे मी तिच्या पोटाखाली होते.
जॅक लावायच्या जागी बोट टेकलं तर बोट आरपार.
वायरिंगच्या गुंत्यात उंदराचं घर,
त्यात ऑर्डसाहेबांच्या हातमोज्याची लोकर.

शेवटी इंजिन धरलं.
हेडलीनं नळी लावली, इकडे, तिकडे,
स्क्रू अर्धा आटा फिरवला. "झालं."
मग नेहमीसारखं तंबाखूच्या डबीतून ते नाणं काढलं,
बारा कोनांचं थ्रीपेनी, कधीच चलनातून गेलेलं,
आणि रॉकर कव्हरवर कडेवर उभं केलं.
पडलं.
पुन्हा ठेवलं. पडलं, या वेळी थेट पंख्यापाशी.
मडगार्डवरच्या चहात वर्तुळं उठत होती.
मी पाहिलं.
मी पाहिल्याचं त्यानं पाहिलं.

तेव्हा लागला एकेकाचा अर्थ:
मागून हाक मारली तर तो का वळत नाही,
बेंचवरचा रेडिओ कुठे गेला.
आयुष्यभर इंजिनं ऐकलेल्या माणसानं
या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं.

काही न बोलता त्यानं नळी माझ्या हातात दिली.
रबर अजून कोमट होतं.

मी कानात प्राण आणून ऐकलं.
"मागचा काय म्हणतोय?"
जोरात आहे, म्हटलं.
"जोरात तर ट्रकही असतो. कसं जोरात?"
कसं सांगायचं? सूं नाही, फुस्सही नाही.
"पुढचा म्हणजे... चर्चमध्ये आई श्श करायची तसा.
मागचा म्हणजे, बाबा रात्रपाळी करून झोपलेत,
आम्ही जिन्यात दंगा घालतोय, तेव्हाचं श्श."
तो विचारात पडला. इंजिन थडथडत होतं.
"वडील कुठे होते कामाला?"
बर्फाच्या कारखान्यात.
"मग बरंच कडक असणार," म्हणाला,
आणि मागचा स्क्रू सैल केला, केसभर.
आता?
अजून.
आता?
आता दोन्ही चर्चमध्ये.

नाणं उभं राहिलं.
थरथरत होतं, पण उभं.
चहा गार होईपर्यंत तो त्याच्याकडे बघत बसला.

शनिवारी मिसेस ऑर्ड आल्या.
"तेल गळतं का अजून?"
"गळतं. गळायचं थांबलं की फोन करा."
त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि बसल्या डावीकडे,
पट्टाही लावला.
आम्ही दोघं काँक्रीटवरच्या डागाकडे बघत राहिलो.
मग त्या उतरल्या, बॉनेटवर हात टेकत
पुढून वळसा घालून उजव्या दाराशी गेल्या.
चोक ओढलेलाच ठेवून निघाल्या.
बंदराच्या वळणापर्यंत आवाज येत होता.
मला.

नाणं त्यानं डबीत टाकलं.
नळी परत मागितली नाही.
सोमवारी एक ट्रायम्फ येतेय,
दारांखालचा पत्रा दोन्हीकडून खाल्लेला.
तिथे ऐकण्यासारखं काही नाही,
नुसतं कापायचं आणि जोडायचं.