दोन आणि तीन

सीताबर्डीतून एकशेवीस रुपयांना आणलेली केबल
दोन्ही टोकांना नीट बसली, स्क्रूही आवळले,
तरी झाडेकाकांचं जुनं यंत्र
माझ्या यंत्राला ओळख देईना.

मानेवाड्याच्या त्या खोलीत कूलर इतका ओरडत होता
की काका काय म्हणाले ते मला पुन्हा विचारावं लागलं.
"काहून होऊन नाही राहिलं वं?"

फ्लॉपीची खाच केव्हाच निकामी झालेली.
आत अडकली होती नऊ वर्षं,
गच्चीवरच्या थर्मामीटरची रोजची दुपार, अडीचची,
तीन हजार दोनशे सत्त्याऐंशी ओळी असाव्यात.
पेपरातला आकडा काकांना कधी पटला नाही.
"थो सोनेगावचा. आपली गच्ची येगळी."

आधी पोर्ट बघितलं.
पहिल्यात माउस बसलेला, दुसरं रिकामं,
आणि मी तासभर पहिल्यालाच हाका मारत होते.
ते बदललं. तरी सामसूम.

मग यंत्राच्या पत्र्याला बोट लागलं
आणि कोपरापर्यंत झिणझिण्या.
त्या भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं.
"खापरखेड्याले बावीस वर्षं वीज बनवली मी,"
काका म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत.
दोन्ही यंत्रं स्वयंपाकघरातल्या एकाच बोर्डावर आणली.
तिथं कूलर पोचत नव्हता.

केबलचं टोक उघडलं तेव्हा कळलं.
यंत्र तीन नंबरनं बोलतं, दोन नंबरनं ऐकतं.
दोघंही तसंच.
दुकानदारानं दोनला दोन जोडलेला, तीनला तीन,
तोंडाला तोंड, कानाला कान.
मी काकांना समजावत होते तर
ताकाचे पेले ठेवता ठेवता काकू म्हणाल्या,
"आमच्या घरीबी हेच केबल हाय."

दोनची तार तीनला नेली, तीनची दोनला.
पाच मात्र पाचालाच ठेवला,
ती जमीन. ती दोघांची एकच लागते.
राळेचा धूर, टपकन पडलेला कथील,
फरशीवर अजून आहे तो ठिपका.

मी ए दाबला.
तिकडे अर्धा चौकोन उमटला, मग एक उद्गारचिन्ह.
काका टाळ्या वाजवायला निघाले, मी थांबवलं.
माझं यंत्र बोलत होतं एकोणीस हजार दोनशेनं,
त्यांचं ऐकत होतं नऊ हजार सहाशेनं.
मी खाली उतरले, त्यांच्या चालीला.

ए.
मग एक धांदरट, दोन बोटांनी टाइप केलेलं
जे ए डी ई, त्यातला झेड चुकलेला.

नऊ उन्हाळे आले सव्वादोन मिनिटांत.
काका आकड्यांकडे बघत राहिले,
मधूनच म्हणायचे, "हे पाय, अठ्ठेचाळीस,"
जणू आत्ताच जिना उतरून आलेत.

ओळी मोजल्या तर एक कमी.
केबल हलवली, पुन्हा पाठवलं, पुन्हा एक कमी.
मग जुन्याच यंत्रात तारखा चाळल्या,
चौदा मे तिथंही नव्हती.
"त्या दिवशी मेडिकलात होतो," काका म्हणाले.
"खिडकीले पडदा होता हिरवा. ऊन दिसलंच नाही."

मी विचारलं, जागा रिकामी ठेवू का.
थोडा वेळ त्यांनी पेल्यातलं उरलेलं ताक हलवलं.
"लिही, नोंद नाही."
मी माझ्या यंत्रावर लिहिलं.
त्यांच्याकडे पाठवायचं राहून गेलं.