उभं हँडल

ब्रांडूर, ऐक.
पाळणा आला तेव्हा त्यात निजायला कुणी नव्हतं.
आउसग्रीमूरने स्क्रू आवळले, एक उरला,
तो कुठला ते अजून कळलेलं नाही,
आणि संध्याकाळपर्यंत तू गादीच्या बरोबर मधोमध,
पट्टेरी, गोल, भट्टीतून काढलेल्या पावासारखा.
आम्ही हसलो. मी फोटोसुद्धा काढला.
तीन आठवडे तो पाळणा तुझाच होता.
चूक तिथे झाली, आणि ती तुझी नव्हे.

आज सकाळी सुईण आली.
आमच्या भाषेत सुईणीला उजेडाची आई म्हणतात,
पण जूनमध्ये इसाफ्योर्दूरला उजेड इतका पडून असतो
की त्याला आई लागू नये.
तिने बाळाचं वजन केलं, माझे टाके पाहिले,
मग गादीवरून दोन बोटांनी
तुझा एक केस उचलला
आणि खिडकीकडे धरला.

शेजारची हाफ्डीस म्हणते, मांजर बाळाचा श्वास चोरतं.
सुईण म्हणाली, चोरीबिरी काही नाही.
मांजराला ऊब हवी असते. बाळ ऊबदार असतं.
बाळाला मान वळवता येत नाही.
चोरी नाही. वजन.

तुझं पाच किलो आठशे.
तिचं तीन किलो शंभर.

तर आता दार बंद.
तू उडी मारून हँडल खाली ओढतोस,
म्हणून आउसग्रीमूरने ते काढून उभं बसवलंय.
पाहुणे गोंधळतात.
तू तीनदा उडी मारलीस,
आणि मग आमच्याकडे असं पाहिलंस
जणू घर आमच्या हातून मोडलं.

दुपारी ती अंगणात झोपते, बाबागाडीत,
इथली सगळीच बाळं झोपतात तशी,
गार वाऱ्यात, नाकापर्यंत लोकरीत.
गाडीवर जाळी. दुकानातली सैल होती,
तू तिचीच झोळी केली असतीस.
त्याने बोटीवरची गाठ मारून ती ताणली,
टिचकी मारली तर वाजावी इतकी.
वीस वर्षं तो काहीतरी आत धरायला जाळी बांधतोय.
बाहेर ठेवायला ही पहिली.

रात्री, म्हणजे घड्याळातल्या रात्री,
तू दाराशी येऊन बसतोस. ओरडत नाहीस.
ओरडलास तर बरं होईल.
मागच्या दोन हिवाळ्यांत मी दोनदा
दवाखान्यातून रिकामी परत आले.
लोक सूप आणायचे, सोबत एखादं वाक्य आणायचे.
तू काहीच आणलं नाहीस.
जिथे हात ठेवायला कुणी धजत नव्हतं
तिथे येऊन बसलास, पोटावर,
सगळेच्या सगळे पाच किलो आठशे.
त्या वजनाखाली मला झोप लागायची.
आणि आता त्याच वजनाला मी दार लावते.
कृतघ्न म्हण हवं तर.
दार उघडणार नाही.

तिला अजून नाव नाही. सगळे नुसतं 'मुलगी' म्हणतात.
आमच्याकडे रीत अशी,
ठरलेलं नाव नामकरणापर्यंत ओठांबाहेर काढायचं नाही.
आउसग्रीमूरच्या आईलाही सांगितलेलं नाही,
रोज फोन करते, आडून आडून विचारते.

पहाटे तीनला पाजून झालं.
तिला उताणी निजवलं, पाळण्यात ना उशी, ना खेळणं,
ना कुणाचा केस.
मग टाके सांभाळत जमिनीवर बसले.
दाराखालच्या फटीतून तुझा पंजा आला,
चाचपडत, माझ्या पावलापर्यंत.
मी वाकले, फटीशी तोंड नेलं
आणि तुला तिचं नाव सांगितलं.
एकदाच, हळू.

पंजा तिथेच राहिला.
नखं आत.