काजळी

मे, १७८०. कनेक्टिकट.
भर बारा वाजता मेहिटेबलच्या कोंबड्या
खुराड्यात शिरल्या.
उपदेशक म्हणाले, लिहून ठेवलं होतंच,
सूर्य काळं पांघरेल.

मेणबत्ती घेऊन ती पावसाच्या बादलीपाशी वाकली.
पाण्यावर साय. बोटाला काजळी,
वास जळक्या पानांचा.
बोलली नाही कुणाला.
सगळ्यांसोबत गुडघे टेकले.

वारा जिकडून आला होता तिकडे, ओंटारियोत,
पिर्को पाइनच्या ओंडक्याची वर्तुळं मोजते,
सालीकडून आत, टाचण्या टोचत.
त्या सालावर हात थांबतो.
इथं झाड भाजलं,
आणि पुढल्या वर्षी
व्रणाला वळसा घालून वाढलं.

म्हणजे भाकीत नव्हतंच, नुसता धूर?
वहीत ती फक्त साल लिहिते.
खिडकीबाहेर उत्तरेकडून काहीतरी उतरलंय.
दुपारचे बारा,
आणि तिला दिवा लावावा लागलाय.