बस्त्यावसाठी एक कातडं

बस्त्याव मिनेझिस गेला, सोमवारी रात्री,
लोंढ्याच्या रेल्वे दवाखान्यात.
सांगायला पोरगं आलं तेव्हा मी
त्याच्याच ड्रमचं कातडं चुन्यातून काढत होतो.
हात धुवायचं सुचलं नाही.

आमच्या मुलखात पायानं ढोल वाजवणारा
हा पहिला माणूस.
अळणावर, नंदगडहून लोक यायचे,
इन्स्टिट्यूटच्या खिडकीला लोंबकळून
त्याचे बूट बघायला.
वर दोन हात, खाली दोन पाय,
चौघांचं चार तऱ्हेचं चाललेलं,
तोंडात विडी, ती तेवढी गप्प.

विलायती पडदा फाटला तेव्हा खानापूरला आला,
विचारत विचारत, आमच्या गल्लीपर्यंत.
बाहेर उभा राहिला नाही. आत आला,
आमच्याच कपातून चहा प्याला.
'बकऱ्याचं चालेल,' म्हणाला, 'पण पातळ कर.
कुजबुजलं तरी त्याला कळलं पायजे.'
मग बायकोचा शिंदीचा झाडू मागितला,
कोयत्यानं तासला,
नव्या कातड्यावर फिरवला गोल गोल:
शेजारच्या घरात कुणीतरी
तांदूळ पाखडतंय, तसं.
झाडू परत दिलाच नाही.
बायको अजून काढते ती गोष्ट.

मी हलगीवाल्याचा पोर.
हात मागं पडला की बा कानाखाली द्यायचा.
एकदा म्हटलं, बस्त्याव, तू ठोका चुकवतोस की रे.
'चुकवत नाही,' म्हणाला,
'वाट बघायला लावतो.
नवरी काय बोलावल्या बोलावल्या येते?'

काल इगर्जीत तीन भाषांत बोलले त्याच्यावर.
बाहेरच्या फळ्यावर आडनाव तीन तऱ्हेनं,
आणि जॅझ हा शब्द
खोडून पुन्हा लिहिलेला, तरी चुकलेलाच.
बँडच्या पोरांनी वाजवलं,
सगळं अगदी वेळेवर.
मला ऐकवेना. मी मागच्या दारानं
स्टेशनाकडं चालत सुटलो.

कातडं चौकटीवर ताणून भिंतीला टेकवलंय.
दोनशे आगाऊ देऊन गेला होता,
बाकीचे सोडले.
उतरवू कुणासाठी?
रात्री वाळता वाळता ते आपलं आपण आवळतं:
टक्.
मी कूस बदलतो, पुढचा येईल म्हणून.
येत नाही.
कुत्रं भुंकतं, मालगाडी घाटाला लागते,
बायको घोरायला लागते,
डोळा लागतोच आहे, तेवढ्यात

टक्.